डोकं आणि मान कशी घडते: गर्भशास्त्राचा हा धडा कुठून धरायचा

मेडिकल, डेंटल किंवा आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीत जो धडा सगळ्यात जास्त पाठ केला जातो आणि सगळ्यात लवकर विसरला जातो, तो हा. विसरतो कारण तो तक्त्यांतून वाचला जातो. आर्च (गर्भाच्या घशाभोवतीच्या वळ्या), पाऊच (त्यांच्यामधले आतले खिसे), नर्व्ह (चेतातंतू), स्नायू असे रकाने परीक्षेच्या आदल्या रात्री डोक्यात राहतात, चार दिवसांनी चौथ्या आर्चचं काही सहाव्यात जातं आणि सहाव्याचं चौथ्यात. इथे दिलेला क्रम धरला तर तक्ता शेवटी आपोआप तयार होतो.

आधी आठवडे नीट मोजा

स्त्रीरोग विभागात गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भशास्त्राच्या पुस्तकात फलनापासून. दोन्हींत साधारण २ आठवड्यांचा फरक पडतो. सोनोग्राफीच्या कागदावर ८ आठवडे लिहिलं असेल तर पुस्तकातलं सहाव्या आठवड्याचं पान उघडायचं. या लेखातले सगळे आठवडे फलनापासूनचे आहेत.

ही नुसती हिशेबाची बाब नाही. पाळी दोन आठवडे चुकली म्हणून बाई तपासायला येते, तेव्हा गर्भ ४ आठवड्यांचा झालेला असतो. आर्च उगवायला लागलेले असतात आणि मेंदू-मज्जारज्जूची नळी २८व्या दिवसापर्यंत मिटते. म्हणून फॉलिक ॲसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याआधी सुरू करायची असते. आणि म्हणूनच मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन देताना गर्भ राहणार नाही याची खात्री आधी करून घेतात. ते औषध नेमकं याच दिवसांत, चेहरा घडवणाऱ्या पेशींवर घाव घालतं. दिवस गेल्याचं कळल्यावर ते थांबवणं म्हणजे उशीरच.

मातीचा गळा करून बघा

चित्रं पाहून हा भाग कळत नाही, कारण चित्र सपाट आणि गळा पोकळ. मुलांच्या खेळण्यातली रंगीत क्ले आणा: निळी, लाल, पिवळी, हिरवी. गर्भशास्त्रात एक्टोडर्म (बाहेरचा थर) निळा, मेसोडर्म (मधला) लाल आणि एंडोडर्म (आतला) पिवळा दाखवायची रीत आहे, तीच पाळा. हिरवी न्यूरल क्रेस्टसाठी, म्हणजे मेंदूच्या नळीच्या काठावरून सुटणाऱ्या पेशींसाठी.

पिवळ्या क्लेची पातळ पोळी लाटा, साधारण ८ सेंटिमीटर लांब आणि ६ रुंद. ती एका जाड पेनाभोवती गुंडाळली की झाला आद्य घसा. लाल क्लेच्या पाच वळ्या करा. पहिली करंगळीएवढी जाड, पुढच्या क्रमाने बारीक. प्रत्येक वळीवर हिरव्या क्लेचा हात फिरवा. या वळ्या नळीवर आडव्या, एकीखाली एक, थोडी फट सोडून लावा. मागची बाजू मोकळी ठेवा, कारण तिथे मेंदू आणि मज्जारज्जू असतो. प्रत्येक वळीत तीन वस्तू खोचा: काडेपेटीची काडी म्हणजे कूर्चा, लाल वायर म्हणजे धमनी, पांढरा दोरा म्हणजे नर्व्ह. स्नायू वेगळा लावायला नको, लाल क्ले म्हणजे तोच. वरून निळी पोळी पांघरा आणि वळ्यांमधल्या फटींत बोटाने दाबा. आतून पेन हलवत पिवळी पोळीही त्याच फटींत बाहेर ढकला.

बाहेरून पडलेली दरी म्हणजे खाच, म्हणजेच क्लेफ्ट. आतून गेलेला खिसा म्हणजे पाऊच. मधली लाल-हिरवी वळी म्हणजे आर्च. आता हे सगळं उभं चिरून उघडा. एका बाजूला निळी खाच, दुसऱ्या बाजूला पिवळा पाऊच, आणि दोघांमध्ये जेमतेम एक पापुद्रा राहिलेला दिसेल. पहिल्या फटीतला हा पापुद्रा आयुष्यभर टिकतो. तो कानाचा पडदा. बाहेरून कानाच्या नळीची त्वचा, आतून मध्यकर्णाचं अस्तर, मध्ये तंतूंचा थर. तीन रंग तिथे हाताला लागतात, पाठ करायला काही उरत नाही.

खऱ्या गर्भात हे सारं घडतं तेव्हा, म्हणजे चौथ्या आठवड्याच्या शेवटी, अख्खा गर्भ ४ ते ५ मिलिमीटरचा असतो, भिजलेल्या साबुदाण्याएवढा. पहिला आर्च साधारण २२व्या दिवशी दिसतो, बाकीचे त्यामागून. आकडे १, २, ३, ४ आणि ६. पाचवा एक तर उगवतच नाही किंवा उगवून लगेच विरतो. आकडा का गाळला, या विचारात अडकू नका. या फटींना माशांचे कल्ले म्हणायची सवयही सोडा. माणसाच्या गर्भाला कल्ले कधीच नसतात. नुसत्या वळ्या आणि खिसे असतात, माशात त्यांचे कल्ले होतात आणि माणसात जबडा, कान, स्वरयंत्र.

हिरव्या क्लेबद्दल थोडं थांबायला हवं, कारण तिथेच बहुतेकांची समजूत चुकते. आर्चमधले स्नायू मेसोडर्मचे, पण चेहऱ्याची हाडं आणि वरच्या आर्चच्या कूर्चा न्यूरल क्रेस्टच्या. या पेशी मेंदूच्या नळीच्या काठावरून सुटून आर्चमध्ये उतरतात. हे प्रत्यक्ष दाखवता आलं ते गर्भशास्त्रज्ञ निकोल ल दुआरँ यांच्यामुळे. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये त्यांच्या लक्षात आलं की लावा पक्ष्याच्या पेशींच्या केंद्रकात एक ठळक गडद ठिपका असतो, कोंबडीच्या पेशीत तो नसतो. लाव्याचा न्यूरल क्रेस्ट कोंबडीच्या गर्भात बसवला आणि ठिपकेवाल्या पेशी कुठे पोहोचल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, की प्रवासाचा सगळा माग लागतो. डेंटलच्या मुलांनी एक जोड ध्यानात ठेवावी: दाताचं इनॅमल निळ्या थराचं, डेंटिन हिरव्याचं. गाल आणि जबड्याची हाडं खुरटलेली, कान बेढब, असं ट्रीचर कॉलिन्स या जन्मजात विकाराचं मूल दिसलं की कमी पडलेला रंग हिरवाच असतो.

नर्व्ह पकडा, बाकीचं मागून येतं

सगळ्या धड्याची किल्ली ही आहे. स्नायू वाढताना लांबवर सरकतो, पण आर्चमध्ये उगवताना मिळालेली नर्व्ह सोडत नाही. दोरा कितीही ताणला जावो, तो सोबत ओढत नेतो. म्हणून कुठल्याही स्नायूचा आर्च विचारला तर त्याची नर्व्ह आठवा.

पहिला आर्च ट्रायजेमिनल नर्व्हचा, म्हणजे चावण्याचा. मॅसेटर, टेम्पोरॅलिस, दोन्ही टेरिगॉइड, मायलोहायॉइड, डायगॅस्ट्रिकचं पुढचं पोट, आणि दोन टेन्सर: टिम्पनी आणि व्हेली पॅलटिनी. दुसरा फेशिअलचा, म्हणजे हसण्या-रडण्याचा. चेहऱ्याचे सगळे स्नायू, मानेवरचा प्लॅटिस्मा, स्टेपिडियस, स्टायलोहायॉइड आणि डायगॅस्ट्रिकचं मागचं पोट. बक्सिनेटर गालात असतो आणि चावताना कामी येतो, म्हणून तो पहिल्यात ढकलला जातो. त्याची नर्व्ह फेशिअल, तेव्हा आर्च दुसरा. तिसऱ्याचा स्नायू एकच, स्टायलोफॅरिंजियस, नर्व्ह ग्लॉसोफॅरिंजिअल. चौथा आणि सहावा दोन्ही व्हेगसचे, फांद्या वेगळ्या. चौथ्याला सुपीरियर लॅरिंजिअल, सहाव्याला रिकरंट लॅरिंजिअल. स्वरयंत्राचा क्रायकोथायरॉइड चौथ्याचा, आतले बाकीचे सगळे सहाव्याचे.

डायगॅस्ट्रिक हे या नियमाचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे. एकाच स्नायूची दोन पोटं, दोन नर्व्ह, कारण दोन आर्च मध्ये येऊन जोडले गेले.

कूर्चाही याच हिशेबाने. पहिल्या आर्चची मेकेलची कूर्चा खालच्या जबड्याला फक्त साचा म्हणून असते. जबड्याचं हाड तिच्या बाहेरच्या अंगाला पडद्यातून थेट बनतं आणि कूर्चा बहुतेक विरून जाते. मागे उरतात मॅलियस आणि इन्कस ही मध्यकर्णातली हाडं. ‘मेकेलच्या कूर्चेचा मॅन्डिबल होतो’ असं लिहिलेली उत्तरपत्रिका दर वर्षी सापडते, आणि ते चूक आहे. दुसऱ्या आर्चचा स्टेपिस (कानातलंच तिसरं हाड), स्टायलॉइड, आणि हायॉइडचं (जिभेखालच्या हाडाचं) लहान शिंग व धडाचा वरचा भाग. तिसऱ्याचं हायॉइडचं मोठं शिंग आणि धडाचा खालचा भाग. चौथा आणि सहावा मिळून स्वरयंत्राच्या कूर्चा घडवतात.

धमन्यांत एकच गोष्ट खोल समजून घ्या. सहाव्या आर्चची नर्व्ह सहाव्या धमनीखालून वळसा घेऊन वर स्वरयंत्राकडे जाते. हृदय छातीत उतरतं तसा वळसाही खाली ओढला जातो. डावीकडे सहाव्या धमनीचा बाहेरचा भाग डक्टस आर्टेरिओसस (फुप्फुसधमनी आणि महाधमनी जोडणारी गर्भातली वाट) म्हणून टिकतो, म्हणून डावी रिकरंट छातीत महाधमनीच्या कमानीजवळ अडकून राहते. उजवीकडे तो भाग आणि पाचवी धमनी दोन्ही नसतात, वळसा घसरून वर चौथीला, म्हणजे सबक्लेव्हियनला, लागतो. म्हणून छातीतल्या गाठीने आवाज बसला तर संशय आधी डाव्या बाजूवर. कधी उजवी चौथी धमनीच विरलेली असते, मग नर्व्हला अडकायला काही राहत नाही आणि ती मानेत सरळ आडवी जाते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत हे माहीत नसेल तर ती सहज कापली जाते.

पाऊच आणि खाचा

पहिला पाऊच मध्यकर्ण आणि युस्टेशियन नळी. दुसरा टॉन्सिलची बैठक. तिसऱ्यातून खालची पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारी ग्रंथी) आणि थायमस (प्रतिकारशक्तीची ग्रंथी). चौथ्यातून वरची पॅराथायरॉइड, आणि त्याच्या शेपटाकडून थायरॉइडच्या सी पेशी.

तिसऱ्याची खाली आणि चौथ्याची वर, हे उलटं वाटतं तिथे थांबा. थायमसला छातीत जायचं असतं. जाताना तो शेजारच्या पॅराथायरॉइडला हात धरून घेऊन जातो आणि वाटेत, थायरॉइडच्या खालच्या टोकाशी, सोडतो. कधी आधीच सोडतो, कधी सोडतच नाही. म्हणून खालची पॅराथायरॉइड जबड्याच्या कोनापासून छातीपर्यंत कुठेही सापडू शकते, आणि वरची सहसा आपल्या जागी असते. डायजॉर्ज या जन्मजात विकारात तिसरा-चौथा पाऊच नीट घडत नाहीत. थायमस नाही म्हणून संसर्ग, पॅराथायरॉइड नाही म्हणून कॅल्शियम कमी होऊन झटके. बहुतेकदा कारण २२व्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा.

बाहेरच्या खाचांपैकी पहिलीच कामाला येते, ती कानाची नळी. दुसरा आर्च पदरासारखा खाली वाढतो आणि उरलेल्या खाचा झाकून टाकतो. आत कोंडलेली पोकळी भरून न निघाल्यास मानेच्या बाजूला, स्टर्नोमॅस्टॉइड या मानेच्या स्नायूच्या पुढच्या काठाशी, वरच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी गाठ येते. भोक उघडं राहिलं तर ते त्याच काठावर बरंच खाली, गळपट्टीच्या हाडाकडे असतं आणि त्याची वाट दोन कॅरोटिड धमन्यांमधून टॉन्सिलपर्यंत जाते. नुसतं भोक शिवून भागत नाही ते यामुळे.

जीभ आणि थायरॉइड एकत्र वाचा

पुस्तकात यांची प्रकरणं वेगळी असली तरी सुरुवात एका बिंदूतून होते. जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग पहिल्या आर्चच्या दोन बाजूंच्या उंचवट्यांचा, मागचा एक तृतीयांश मुख्यतः तिसऱ्याचा. दुसरा आर्च मध्ये असतो, पण तिसरा त्याच्यावरून पुढे येऊन त्याला झाकतो. म्हणून पुढे स्पर्श ट्रायजेमिनलच्या लिंग्वल फांदीचा, चव फेशिअलच्या कॉर्डा टिम्पनीची, आणि मागे स्पर्श-चव दोन्ही ग्लॉसोफॅरिंजिअलची. मोठ्या व्हॅलेट पॅपिलांची ८ ते १२ दाण्यांची उलट्या व्ही आकाराची रांग सीमारेषेच्या पुढे दिसते, तरी नर्व्ह मागची. मागचं अस्तर थोडं पुढे सरकलं, नर्व्ह घेऊन.

स्नायूंचं गणित निराळं. ते आर्चचे नाहीतच. डोक्याच्या मागच्या सोमाइट्समधून (मेसोडर्मच्या ठोकळ्यांमधून) ते पुढे येतात आणि हायपोग्लॉसल नर्व्ह सोबत आणतात. अपवाद पॅलॅटोग्लॉसस, तो व्हेगसचा.

जिभेच्या त्या सीमारेषेच्या मध्यावर, व्हीच्या टोकाशी, एक खळगा आहे: फोरामेन सीकम. साधारण २४व्या दिवशी थायरॉइड इथून खाली निघते, हायॉइडच्या पुढून जाते आणि सातव्या आठवड्यात श्वासनलिकेसमोर पोहोचते. वाटेचा धागा विरायला हवा. उरला तर मानेच्या मध्यरेषेवर गाठ येते आणि रुग्णाला जीभ बाहेर काढायला सांगितली की ती वर उचलली जाते, कारण धाग्याचं दुसरं टोक जिभेत आहे. नुसती गाठ काढली की ती परत येते. वाट हायॉइडला चिकटून, कधी त्याच्या आतूनही गेलेली असते, म्हणून १९२०पासून सिस्ट्रंक या शल्यविशारदाच्या पद्धतीने हायॉइडचा मधला तुकडाही काढतात. आणि सुरीला हात घालण्याआधी मानेची सोनोग्राफी करून थायरॉइड आपल्या जागी आहे ना हे बघायचंच. काही जणांत गाठीत किंवा जिभेच्या मुळाशी असलेली तेवढीच थायरॉइड असते.

चेहरा: पाच फुगवटे, एक तोंड

चौथ्या आठवड्याच्या शेवटी तोंडाच्या खड्ड्याभोवती पाच फुगवटे असतात. वर मध्ये एक फ्रंटोनेझल, दोन बाजूंना मॅक्सिलरी, खाली दोन मॅन्डिब्युलर. कागदावर काढताना पाकळ्या काढाव्यात तसे काढा. खालचे दोन आधी जुळतात. वरच्यावर दोन जाड ठिपके उमटतात, पाचव्या आठवड्यात ते खोल जाऊन नाकाचे खड्डे होतात. प्रत्येक खड्ड्याला आता आतला आणि बाहेरचा काठ आला. हेच मीडिअल आणि लॅटरल नेझल फुगवटे.

सहाव्या-सातव्या आठवड्यात गालांकडून मॅक्सिलरी मध्याकडे सरकतात आणि मीडिअल नेझल एकमेकांकडे ढकलले जातात. मीडिअल मीडिअलला जुळला की वरच्या ओठाची मधली पन्हळ, वरचे चार पटाशीचे दात धरणारं हाड आणि टाळूचा पुढचा त्रिकोणी तुकडा तयार होतो. मीडिअल मॅक्सिलरीला जुळला की ओठ पुरा. लॅटरल नेझलचा ओठात काही वाटा नाही. त्याच्याकडून फक्त नाकपुडीची बाहेरची पाळी येते. हा मुद्दा निम्मे विद्यार्थी चुकतात. लॅटरल आणि मॅक्सिलरीच्या मधल्या चरातून डोळ्याचं पाणी नाकात आणणारी नळी बनते.

आता कुठला सांधा राहिला ते पाहून दोष ओळखता येतो. मीडिअल आणि मॅक्सिलरी न जुळल्यास दुभंग ओठ, मध्यापासून बाजूला, डावीकडे जास्त वेळा. जबड्यात फट गेली तर ती लॅटरल इन्सायझर आणि सुळ्याच्या मधून जाते. लॅटरल आणि मॅक्सिलरी न जुळल्यास ओठापासून डोळ्याकडे तिरकी फट. मॅक्सिलरी आणि मॅन्डिब्युलर कमी जुळल्यास तोंड गालापर्यंत रुंद.

आपल्याकडे दुभंग ओठाचं बाळ झालं की ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून आईला बोल लावतात. वॉर्डात हे ऐकू येईल, तेव्हा उत्तर तयार ठेवा. ओठ फाटलेला नसतो, तो जुळायचा राहिलेला असतो. जुळायची वेळ सातव्या आठवड्यात संपते. पाचव्या-सहाव्या महिन्यात ग्रहण आलं असेल तर त्याआधी कित्येक आठवडे ओठ जसा व्हायचा तसा झालेला होता. दुभंग ओठ किंवा टाळू जगभरात साधारण ७००त एका बाळाला असतो. आईला हे हिशेब मांडून सांगितलं तर पटतं.

टाळू, आणि जिभेचं टोक

पुढचा त्रिकोण झाला, पण मागचा मोठा भाग अजून उघडा आहे. सहाव्या आठवड्यात दोन्ही मॅक्सिलरीकडून दोन फळ्या निघतात आणि जिभेच्या दोन बाजूंना उभ्या लोंबतात, कारण मध्ये जीभ आहे. सातव्या आठवड्यात जबडा वाढतो, जीभ खाली बसते, फळ्या वर उचलून आडव्या होतात आणि पुढून मागे जुळत जातात. बाराव्या आठवड्यापर्यंत काम संपतं. जबडाच खुरटा राहिला तर जीभ खाली उतरत नाही, फळ्यांना जागा मिळत नाही आणि टाळूत यू आकाराची फट राहते. हा पिएर रोबिनचा क्रम. बाळ उताणं ठेवलं की तीच जीभ मागे पडून श्वास अडतो, म्हणून त्याला पालथं किंवा कुशीवर निजवतात.

जिभेचं टोक वरच्या मधल्या दोन दातांच्या लगेच मागे लावा. एक लहानसा मऊ उंचवटा लागेल. त्याच्या वर हाडात इन्सायझिव्ह फोरामेन आहे आणि सगळी वर्गवारी तिथून होते. पुढचं सगळं प्रायमरी, मागचं सेकंडरी. तिथून जीभ मध्यरेषेवर मागे सरकवा, बारीक कंगोरा लागतो. दोन फळ्यांचा सांधा तो.

सांधा पुढून मागे जात असल्याने सर्वांत शेवटी पडजीभ जुळते. कमी बिघाडात फक्त तीच दुभंगलेली दिसते, आणि तिच्यापुढे वरचं अस्तर शाबूत पण आतले स्नायू न जुळलेले असू शकतात. अशा मुलाचं दूध नाकातून येतं, पुढे बोलणं नाकात होतं, आणि कोणी न बघता ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) काढले तर ते आणखी बिघडतं. नवजात बाळाच्या तोंडात नुसतं बोट फिरवून टाळू ठीक आहे असं ठरवू नका, कारण बोट कडक टाळूवर थांबतं आणि मऊ टाळूतली फट निसटते. जीभ चपट्या काडीने दाबा, टॉर्च मारा, आणि पडजीभ डोळ्यांनी दिसेपर्यंत कागदावर ‘टाळू नॉर्मल’ लिहू नका.